झाडाशेजारचा माणूस

दगडांच्या त्या दरीत झाड एकच होतं आणि ते केवढं आहे हे फोटोत कळायला मार्ग नव्हता. मागे तांबडा कडा, पुढे वाळूचं कोरडं पात्र, मध्ये हे वाकडं झाड. शेजारी ओळखीचं काहीच नसल्यामुळे ते कुंडीतलं रोपटंही वाटायचं आणि चार मजली इमारतीएवढंही. म्हणून फोटोवालीने नेहमीप्रमाणे आपला नवरा त्याच्या शेजारी नेऊन उभा केला.

नेहमीप्रमाणे म्हणजे लग्न झाल्यापासून. धबधब्याखाली नवरा, पडक्या धरणाच्या भिंतीवर नवरा, खाणीच्या तोंडाशी नवरा. ती त्याला मोजपट्टी म्हणायची. "लोकांच्या बायका नवऱ्याचा फोटो काढतात," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमची डोंगराचा काढते आणि मला मुंगी म्हणून पुढे उभं करते." सांगताना त्याचा चेहरा असा फुलायचा की गिऱ्हाइकाला औषध घ्यायच्या आधीच बरं वाटावं.

त्याचं औषधांचं दुकान होतं आणि स्वभावही दुकानासारखाच, प्रत्येक गोष्ट आपापल्या कप्प्यात, वर लेबल. गोळ्या देताना कोणती सकाळी, कोणती झोपताना, हे तो गिऱ्हाइकाकडून वदवून घेतल्याशिवाय पुडी हातात ठेवत नसे. दरीत जायचं ठरलं तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून खुणाही त्यानेच ठरवल्या. ती या काठावर कॅमेरा लावून बसणार, तो खाली, पलीकडच्या कड्याच्या पायथ्याशी. तिथे फोनला रेंज नाही आणि हाक पोचणार नाही. मग तिने स्टुडिओतली पांढरी छत्री उघडून धरली की 'झालं, वर या'. छत्री मिटलेली आहे तोवर जागा सोडायची नाही. आणि त्याने लाल फडकं वर धरलं की 'बास, मला त्रास होतोय'. फडकं घरातलंच होतं, ओटा पुसायचं.

"फडकं दिसलं की तू काय करायचं?" त्याने गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं.

"छत्री उघडायची."

"पुन्हा सांग."

"अहो, उघडायची छत्री! शाळेत आहे का मी?"

त्याची मोठी बहीण त्यांच्याकडेच राहायची, तिला दोघंही ताई म्हणत. ती भांडी विसळता विसळता म्हणाली, "ही वर बसून उंटावरून शेळ्या हाकणार आणि उन्हात उभी राहणारी शेळी तू. मला नाही हे लक्षण बरं दिसत." दोघंही हसली. ताईला कुठलंच लक्षण बरं दिसत नसे.

फोटो एका विमा कंपनीच्या नव्या ऑफिसला हवा होता, भिंतभर. त्यांचा माणूस म्हणाला होता, "निसर्ग मोठा हवा, माणूस छोटा हवा. पण माणूस काळजीत दिसायला नको." अशा कामाची ती कित्येक वर्षं वाट बघत होती. पासपोर्टचे चौकोनी चेहरे आणि शाळेच्या पायऱ्यांवर रांगेत बसवलेले वर्ग काढून काढून ती विटली होती. भिंतभर झाड म्हणजे तिला स्वतःलाच कुणीतरी मोठं करून टांगल्यासारखं वाटत होतं.

तिला हवा असलेला उजेड दिवसातून एकदाच मिळायचा. उन्हं कलली की तिच्या पाठीमागच्या काठाची सावली दरीत उतरायची आणि वाळू गिळत पलीकडे सरकायची. ती झाडापाशी पोचायच्या जरा आधी सगळी दरी काळी आणि झाड, कडा अन् शेजारचा माणूस एवढेच उजळलेले, असा थोडासा वेळ यायचा. त्यासाठी तो दुपारपासून उन्हात उभा होता. झाडाखाली थांबला असता तर फांद्यांत दिसला नसता, म्हणून चार पावलं बाजूला. पाण्याची बाटली झाडामागे, फोटोत येऊ नये अशी लपवलेली.

सावली वाळूच्या मध्यावर आली असेल, तेव्हा त्याने फडकं वर धरलं.

तिने ते पाहिलं. यात शंकेला जागा नाही. फोकस तपासायला तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याचीच आकृती मोठी करून ठेवली होती. त्या आकृतीचा उजवा हात वर गेला आणि त्या हातात लाल फडकं होतं. छत्री तिच्या मांडीशी पडली होती. हात लांबवायचा आणि उघडायची, एवढंच काम होतं.

"थोडंच राहिलंय," ती स्वतःशी म्हणाली. "सावली त्यांच्याकडेच तर निघालीय. आत्ता पोचेल, बरं वाटेल त्यांना." हे तिने खरोखर ओठ हलवून म्हटलं. पुढे तिला सगळ्यात जास्त शरम वाटली ती याच वाक्याची, कारण ते ऐकायला इतकं मायेचं होतं.

तिने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. फडकं वरच होतं. छत्री उघडत नाही तोवर जागा सोडायची नाही असं ठरलं होतं आणि हा गृहस्थ ठरलेलं मोडणाऱ्यातला नव्हता. मग तो उजेड आला. तिने जन्मात पाहिला नव्हता असा उजेड त्या झाडावर पडला आणि ती एकटीच मोठ्याने हसली. नंतर सावली कड्यावर चढली, तिने पडद्यावर पाहिलं आणि झाडाशेजारी कुणी उभं नव्हतं.

ती दगडांवरून घसरत, गुडघे फोडून घेत उतरली. फिरायला आलेल्या दोघा अनोळखी माणसांनी त्याला उचलून वर आणलं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उष्माघात. आणखी थोडं राहिले असते तर गोष्ट हाताबाहेर गेली असती. आता भीती नाही. काही दिवस गोंधळल्यासारखं होईल, एखादी गोष्ट आठवणार नाही, पण त्याचा बाऊ करू नका."

शुद्धीवर आल्यावर त्याचं पहिलं धड वाक्य होतं, "मी फडकं दाखवलं होतं."

ताई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिने भावजयीकडे पाहिलं. त्या बघण्यात राग होता की नुसता प्रश्न, हे कळायच्या आत फोटोवाली बोलून गेली, "मला नाही दिसलं. लेन्स बदलत होते मी. पिशवीत डोकं होतं माझं."

"बघ, म्हणजे चुकामूक झाली," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

खोटं एकदा घरात घेतलं की त्याला खाऊपिऊ घालावं लागतं. तो घरी आला, पेज पिऊ लागला, गच्चीपर्यंत जाऊन येऊ लागला. एके सकाळी सहज म्हणाला, "ते फोटो दाखव ना. फडकं असेलच की त्यात." त्याच्या मनात काही नव्हतं. चोराच्या मनात चांदणं असतं, तसं जे काय होतं ते तिच्याच मनात होतं. ती म्हणाली, "संध्याकाळी दाखवते, आधी नीट करू दे," आणि स्टुडिओत जाऊन आतून कडी लावली.

काम अवघड नव्हतं, तिवईवरचा कॅमेरा जराही हललेला नसल्यामुळे तर फारच सोपं होतं. आधीच्या एका फोटोत तो दोन्ही हात खाली सोडून शहाण्यासारखा उभा होता. तो नवरा तिने कापून घेतला आणि नंतरच्या उजेडात आणून ठेवला. थोडा पिवळा केला, कडा मऊ केल्या. वर केलेला हात गेला, फडकं गेलं. विम्याच्या माणसालाही काळजीतला माणूस नकोच होता, असं ती स्वतःला बजावत होती. हात मात्र असे गार पडले होते की मधेच उठून तिला ते गरम पाण्याखाली धरावे लागले.

संध्याकाळी त्याने चष्मा लावून पडद्याला नाक टेकवलं.

"हात खालीच आहेत."

"हो."

"शेवटच्या फोटोतसुद्धा?"

"हा शेवटचाच."

"मला तर खांद्याला कळ लागलेली आठवतेय गं," तो खांदा चोळत म्हणाला. "या हातातून त्या हातात घेऊ का, असा विचार केलेला आठवतोय."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या ना, होईल थोडं असं."

त्याने मान हलवली. मग तिच्या हातावर थोपटलं. "बरं झालं दाखवलंस. उगाच मनातल्या मनात तुला बोल लावत होतो."

त्या वेळी ती बोलली असती तर कदाचित अजून निभावलं असतं. ती चहा टाकायला उठली. ओट्यावर लाल फडकं वाळत घातलं होतं, ते तिने उचलून कपाटात कोंबलं. दुसऱ्या दिवशी ताईने ते शोधून पुन्हा ओट्यावर आणलं.

तो दुकानात जायला लागला आणि खरा घोळ तिथून सुरू झाला. पूर्वी त्याची बोटं बोलता बोलता गोळ्या मोजायची. आता तो एकदा मोजायचा, पुन्हा मोजायचा, पुडी बांधून झाल्यावर सोडून परत मोजायचा. दुकानाबाहेर रांग लागायची, लोक घड्याळ बघायचे. एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी तर तो दुकान तसंच टाकून धावत गेला, खोकल्याची बाटली बरोबर दिली ना ते बघायला. बरोबरच दिली होती.

"अहो, मग झालं ना," फोटोवाली म्हणाली. "एक तरी चूक झालीय का तुमच्याकडून?"

"नाही झाली. पण त्या दिवशीही मला सगळं बरोबरच वाटत होतं ना. हात वर आहे, फडकं हातात आहे. इतकं स्पष्ट, की आत्ता तू समोर दिसतेस तसं." तो हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. "जे झालंच नाही ते इतकं स्पष्ट आठवत असेल, तर जे आठवतंय ते झालं कशावरून?"

याला तिच्याकडे उत्तर होतं. जगात फक्त तिच्याकडेच होतं. ते तिच्या घशाशी येऊन बसायचं आणि ती ते पाण्याबरोबर खाली ढकलायची.

शुक्रवारी जेवताना त्याने सांगितलं की तो दुकान देऊन टाकतोय. चौकापलीकडच्या औषधवाल्याशी बोलणं झालं होतं, सोमवारी किल्ल्या द्यायच्या होत्या.

ताईच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. "अरे, बाबांनी उभं केलेलं दुकान! वेड लागलंय का तुला?"

"तेच तर म्हणतोय मी," तो शांतपणे म्हणाला. "ताई, किराणा असता तर रेटून नेलं असतं. साखरेऐवजी मीठ गेलं तर माणूस शिव्या देतो. माझ्याकडून चुकलं तर माणूसच जातो."

"तू सांग ना गं याला!" ताई भावजयीवर वळली. "तुझं ऐकतो तो. दगडासारखी काय बसलीस?"

आपण या माणसाला दरीत पाडलं ते एका संध्याकाळपुरतं होतं, आता रोज थोडं थोडं पाडतो आहोत, हे तिला इतकं लख्ख कळलं की तिला स्वतःचीच किळस आली. आणि तरीही तिने पुढचा घास उचलला. सांडलेली आमटी ताईने लाल फडक्याने पुसली आणि ते पिळायला घेऊन गेली.

शनिवारी तिने स्टुडिओतल्या रुंद मशीनवर फोटो छापला आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांनी ताणून लावला. मग चार पावलं मागे येऊन पाहिला. काम उत्तम होतं, हे तिच्यातल्या कारागिराने मान्य केलं. काळ्या दरीत ते झाड दिव्यासारखं उभं होतं आणि बाजूला वीतभर उंचीचा नवरा, हात खाली, चिंता नाही, काही नाही. जोड कुठे दिसत नव्हता.

मग तिची नजर नवऱ्याच्या मागे कड्यावर गेली.

कड्यावर त्याची सावली पडली होती. कलत्या उन्हात ती त्याच्यापेक्षा लांब, तिरकी, दगडावर पसरलेली होती, आणि तिचा एक हात वर होता. हातातून कापड लोंबत होतं. छोट्या पडद्यावर काम करताना तिने फक्त माणूस बदलला होता. सगळं लक्ष त्या माणसावर होतं, चोराचं लक्ष तिजोरीवर असतं तसं, आणि सावली बदलायची ती साफ विसरली होती. माणूस निमूट उभा होता आणि त्याची सावली मदत मागत होती.

पहिला विचार काय आला असेल? हाच, की हे आत्ता पुसता येईल. ती कॉम्प्युटरपाशी बसलीसुद्धा. सावलीचा हात मोठा करून पडद्यावर आणला, ब्रश निवडला. मूळ फोटो होते, पण ते तिच्याशिवाय कोण उघडणार होतं? दोन मिनिटांत सावलीचाही हात खाली गेला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण या मुठीत तिच्या नवऱ्याचं डोकं होतं. तिने ब्रश सोडला आणि दुकानात फोन लावला.

"जरा येता का स्टुडिओत?"

"आत्ता? कपाटं आवरतोय मी, सोमवारसाठी."

"आत्ताच या."

तो आला. रस्ता ओलांडताना त्याने दोनदा डावीउजवीकडे पाहिलेलं तिला काचेतून दिसलं. पूर्वी तो बोलत बोलत ओलांडायचा. आत आल्यावर तो भिंतीपुढे थबकला.

"अगं, काय काढलंयस!" तो मनापासून म्हणाला. "तुझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो आहे हा. वसूल झालं माझं उन्हात उभं राहणं."

"झाड बघू नका," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "सावली बघा. तुमची."

त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, जवळ गेला. बघता बघता त्याचा स्वतःचा उजवा हात हळूहळू वर गेला, सावलीचा होता तितका.

"हात वर आहे."

"हो."

"फडकं आहे हातात."

"हो."

पासपोर्टच्या फोटोसाठी लोकांना बसवायचं एक गोल स्टूल होतं, त्यावर तो बसला आणि हसायला लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. "म्हणजे डोकं ठिकाणावर आहे माझं! अगं, वर धरलं होतं मी! तरी मी तुला म्हणत होतो, खांद्याला कळ लागली होती!" त्याने तिचे दोन्ही हात धरून हलवले, शर्यत जिंकल्यासारखे. "सोमवारचं रद्द. आत्ताच्या आत्ता सांगतो त्याला."

तो चिडेल, ओरडेल, स्टूल लाथाडेल, या सगळ्याची तिने तयारी ठेवली होती. तो आनंदेल याची नव्हती. तिला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं. 'मलाही आत्ताच दिसलं' एवढं म्हटलं असतं तरी त्या आनंदात ते खपून गेलं असतं. वाक्य जिभेवर तयारही होतं. पण तो पुन्हा फोटोकडे वळला होता आणि बाटलीवरचं बारीक अक्षर वाचावं तसा माणूस आणि सावली, माणूस आणि सावली, असा बघत होता.

"पण मग माझा हात खाली कसा?"

"मी केला खाली," ती म्हणाली. "आधीच्या फोटोतले तुम्ही आहात ते. मी चिकटवलंय. फडकं दिसलं होतं मला. लेन्सबिन्स काही बदलत नव्हते. तुम्ही वर धरलंत तेव्हाच दिसलं होतं."

मशीनचा पंखा घरघरत होता. चेहऱ्यावरचा आनंद एकदम गेला नाही, थोडा थोडा गेला, आणि ते बघायला ती तिथे होती.

"दिसल्यावर," त्याने विचारलं, "किती वेळ फोटो काढत होतीस?"

"उजेड होता तोवर."

त्याने मान डोलवली. दुखणं ऐकून घेताना तो गिऱ्हाइकापुढे अशीच मान डोलवायचा. मग उठून त्याने स्टूल नीट भिंतीशी सरकवलं आणि दाराकडे निघाला. ती मागे गेली नाही. दार अर्धवट उघडून तो वळला.

"फोटो द्यायच्या आधी माझा हात मला परत दे," तो म्हणाला आणि गेला.

सोमवारी त्याने स्वतः दुकान उघडलं. घरात तो तिच्याशी लागेल तेवढं बोलत होता, मीठ दे, किल्ली कुठे आहे, एवढंच. तिनेही त्याहून जास्त मागितलं नाही. तिने मूळ फोटो काढला, काही पुसलं नाही, काही चिकटवलं नाही, पुन्हा छापला आणि पहिला उतरवून त्याच भिंतीवर लावला. विम्याच्या माणसाने तो घ्यावा की न घ्यावा याची तिला आता पर्वा नव्हती. काळ्या दरीत झाड तसंच उजळलेलं होतं, पण तिला ते दिसेना. डोळा थेट त्या लाल ठिपक्यावर जाऊन बसत होता.

दुपारी ताई तिचा डबा घेऊन आली. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. चष्मा घरी विसरल्यामुळे ती डोळे बारीक करून उंबऱ्यातच उभी राहिली.

"हे आपलं ओट्यावरचं फडकं ना गं, त्याच्या हातात?"

"हो, ताई."

ताईने डबा टेबलावर ठेवला. पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिलं, मग भावजयीकडे.

"मला तर इथून, दारातूनसुद्धा दिसतंय," ती म्हणाली.